ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन आली, तरी डावीकडे ओढते, आत पाणी येतं, एअरबॅगचा दिवा लागतो: मूळ कसं शोधायचं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत चौक्याच्या अलीकडच्या एका वळणावर समोरून टेम्पो अंगावर आला. मी गाडी डावीकडे काढली आणि ती जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडीचा पुढचा डावा कोपरा गेला. बंपर, हेडलाइट, फेंडर, एसीचा कंडेन्सर, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), चाकाची रिम, सगळंच. विम्याचा क्लेम झाला, घाटावरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी सव्वीस दिवस राहिली. परत आली तेव्हा चकचकीत होती. रंगाचा फरकही शोधावा लागत होता.

मग सुरू झालं. गाडी डावीकडे ओढायला लागली. अलाइनमेंट केली, आठवडाभर बरी वाटली, पुन्हा ओढायला लागली. असं तीन वेळा. चार हजार किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर खाल्ले गेले. जूनमध्ये पाऊस लागला आणि डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. जुलैपासून एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागू लागला. रात्री हेडलाइट मंद वाटायचे. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळ्या माणसाकडे गेले, प्रत्येकाने आपापल्या परीने काही केलं, पैसे घेतले, आणि प्रत्येक तक्रार परत आली.

शेवटी निघाले ते दोष तीनच. जागेवरून सरकलेला क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा सांगाडा), पत्र्याच्या एका जोडावर तडकलेला सिलंट (पाणी अडवणारा लेप), आणि रंगावरच आवळलेला एक अर्थिंगचा बोल्ट. मी कुडाळहून मालवणला रोज नोकरीला जाते, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. हे शोधायला मला वर्षभर लागलं. इतका वेळ लागायला नको होता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आठ दिवस वही ठेवा

गॅरेजला जाण्याआधी हे करा. "गाडी बरोबर चालत नाही" असं सांगितलं की मेकॅनिक एक फेरी मारतो आणि "काही नाही ताई, ठीक आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या फेरीत ते घडतच नाही.

मी एका जुन्या शाळेच्या वहीत रोज चार गोष्टी लिहायला लागले. पाऊस होता का, गाडी कुठे आणि कशी उभी होती, एसी चालू होता का, आणि काय झालं. दहाव्या दिवशी पानाकडे बघताना लक्षात आलं की एअरबॅगचा दिवा कोरड्या दिवशी एकदाही लागला नव्हता. ज्या दिवशी कार्पेट ओलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा. तोपर्यंत या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला किंवा कुठल्याही मेकॅनिकला वाटलंच नव्हतं. पाण्याची तक्रार काचवाल्याकडे, दिव्याची इलेक्ट्रिशियनकडे, असं चाललं होतं.

गाडी ओढते: अलाइनमेंट पुन्हा करण्याआधी

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीही हळूहळू डावीकडे जाते. म्हणून आधी तुलना करा. मी बहिणीची त्याच मॉडेलची गाडी घेऊन त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावरून, पहाटे रस्ता मोकळा असताना गेले. तिची गाडी सावकाश डावीकडे झुकत होती. माझी गाडी हात सैल सोडताच कडेला धावत होती. स्टेअरिंग पूर्ण सोडून ही चाचणी करू नका. बोटं टेकवलेली असूद्या.

नंतर बघायचं की ओढते कधी. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर ब्रेक कॅलिपर किंवा होज बघा. फक्त जोरात रेस केल्यावर ओढत असेल तर इंजिनाची माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट. सतत ओढत असेल तर टायर किंवा चाकांचे कोन.

टायरची शंका फेडणं सोपं आणि फुकट आहे. दोन्ही बाजूंची हवा सारखी करा आणि पुढची दोन चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल फक्त तपासणीपुरती.) ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर टायर बिचारा निर्दोष. माझी बदलली नाही. तरीही एका दुकानात मला दोन नवे टायर घ्यायला लावले, आणि तेही वर्षाच्या आत गेले.

खाल्लेला टायर नीट वाचता येतो. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर तो 'टो' या कोनाचा दोष, म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांशी समांतर नाहीत. नुसती एकच कड सपाट झाली असेल तर चाक उभं नाही, कललेलं आहे. याला कॅम्बर म्हणतात. माझ्या डाव्या टायरची बाहेरची कड गेली होती आणि उजव्याची आतली. दोन्ही जवळजवळ सारख्याच. ही खूण फार बोलकी आहे. दोन्ही चाकांची वरची बाजू एकाच दिशेला, डावीकडे, कललेली होती.

आता अलाइनमेंटच्या कागदाबद्दल. संगणकावरची अलाइनमेंट झाली की मशीन आधीचं आणि नंतरचं माप छापून देऊ शकतं. बहुतेक ठिकाणी तो कागद कोणी देत नाही आणि आपणही मागत नाही. मला तीन वेळा "झालं" एवढंच सांगितलं गेलं. चौथ्या ठिकाणी मी कागद मागितला. त्यावर टो हिरवा होता आणि कॅम्बर आधीही लाल, नंतरही लाल. डावीकडे अधिक ४० मिनिटं, उजवीकडे उणे ५० मिनिटं. (एक अंश म्हणजे ६० मिनिटं. अधिक म्हणजे चाकाची वरची बाजू बाहेर कललेली, उणे म्हणजे आत.) आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा फक्त टो फिरवून बसवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) फिरवायला तिथे बोल्टच दिलेला नसतो, कारण कारखान्यातून ते बरोबर येतात आणि काही वाकल्याशिवाय बिघडत नाहीत. अलाइनमेंटवाला त्याच्या हातात असेल तेवढंच करतो. टो हिरवा झाला की गाडी काही दिवस बरी वाटते आणि कॅम्बर आपलं टायर खाण्याचं काम चालू ठेवतो.

गाडी कोणत्या बाजूला ओढणार तेही या कागदावरून कळतं. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक, त्या बाजूला ओढते. कॅस्टर ज्या बाजूचा कमी, त्या बाजूला ओढते. समोरून मार बसून चाकाचा खालचा सांधा मागे ढकलला गेला की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो. अर्धा अंश फरकही स्टेअरिंगवर जाणवतो. माझ्या दोन बाजूंत दीड अंशाचा फरक होता.

हा कागद घेऊन मी सावंतवाडीकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, टायर पाहिले, आणि म्हणाले, "बाय, टायराक दोष देव नको. आधी खालचा बघूया."

गाडी लिफ्टवर घेतली. इंजिनाखाली जो आडवा लोखंडी सांगाडा असतो, ज्यावर दोन्ही लोअर आर्म बसतात, तो क्रॉस मेंबर. त्याच्या बोल्टांच्या वॉशरभोवती त्यांनी टॉर्च मारला. वॉशर आधी जिथे होता तिथे गोल, स्वच्छ ठसा होता आणि आताचा वॉशर त्या ठशावरून बाजूला सरकलेला. चारही बोल्टांवर तीच कथा. सगळा सांगाडा उजवीकडे साधारण आठ मिलीमीटर गेला होता. गडग्याचा मार डावीकडून बसला, किंवा लोअर आर्म बदलताना बोल्ट सैल केले आणि जसं बसलं तसं आवळून टाकलं, यातलं काय झालं ते कळायला मार्ग नाही. पण हिशोब तंतोतंत जुळतो. खालचे दोन्ही सांधे उजवीकडे सरकले, वरची टोकं जागेवरच राहिली, म्हणून दोन्ही चाकं डावीकडे कलली.

त्यांनी आधी खालची कर्णांची मापं घेतली. डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे आले, म्हणजे चासी सरळ होती. मग बोल्ट सैल करून पहारीने सांगाडा त्याच्या जुन्या ठशांवर आणला, नवे बोल्ट टॉर्क पाना लावून आवळले आणि लगेच अलाइनमेंट करायला पाठवलं. दोन्ही कॅम्बर उणे ५ मिनिटांच्या आसपास आले. दोन तासांचं काम. त्यानंतर अकरा हजार किलोमीटर झाले आहेत आणि टायर सारखे झिजताहेत.

सगळ्यांच्या गाडीत हाच दोष असेल असं नाही. एकाच बाजूचा कॅम्बर बिघडला असेल आणि दुसरी बाजू ठीक असेल, तर स्ट्रट (चाकावरचा उभा शॉक ॲब्सॉर्बर) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलेलं असण्याची शक्यता जास्त. हे वेगळं करायला अलाइनमेंटवाल्याकडून एस.ए.आय.चं माप मागा. चाक ज्या अक्षावर वळतं त्या अक्षाचा हा आतल्या बाजूला असलेला कल. कॅम्बर आणि एस.ए.आय. यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी आली, तर चाक धरणारे भाग सरळ आहेत आणि ते ज्यावर बसवले ती जागा सरकली आहे. बेरीज वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल वाकलं आहे. हे मशीन दाखवतं, फक्त विचारावं लागतं.

मागून ठोकलेल्या गाडीत मागचा ॲक्सल बघायला विसरू नका. गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग वाकडं राहतं, हे त्याचं लक्षण. घरी तपासता येतं. चाकं ओली करून कोरड्या सिमेंटच्या अंगणात गाडी सरळ दहा-पंधरा मीटर चालवा आणि उतरून ठसे बघा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. खेकड्यासारखी तिरकी चालणारी गाडी इथेच पकडली जाते. किनाऱ्याच्या ओल्या वाळूत हे ठसे छान उमटतात हे खरं, पण खाऱ्या वाळूत गाडी घालू नका.

आत पाणी येतं

कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. घाटावर वर्षभर लपून राहील असा छिद्राएवढा दोष आपल्याकडे मिरगाच्या पहिल्या आठवड्यात बाहेर येतो. म्हणून उन्हाळ्यात दुरुस्त करून आणलेल्या गाडीची पाण्याची परीक्षा आपणच मे महिन्यात घ्यायला हवी. मी घेतली नाही.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. एसी चालू ठेवल्यावरच डावा पायाखालचा भाग ओला होत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली किंवा दुरुस्तीत निसटलेली असते. ते पाणी थंड आणि बिनवासाचं. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), आणि गाडी तशी चालवू नका. एसी बंद असतानाही पावसानंतर ओलं होत असेल, तर ते आभाळाचं पाणी.

माझ्या बाबतीत पहिल्या माणसाने विंडशील्डच्या कडेने हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन फिरवून दिला. थांबलं नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारा तो काचेचा सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावूच नये. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, पत्रा गंजतो, आणि पुढे त्यावर रंग धरत नाही. तो खरवडून काढायला मला वेगळे पैसे द्यावे लागले.

नीट शोध असा घेतला. कोरड्या दिवशी डाव्या बाजूचं कार्पेट उचललं, खालचा फोम काढून उन्हात टाकला. तो फोम पिळला तर पाव बादली पाणी निघालं. वरून कार्पेट कोरडं वाटायचं तेव्हाही खाली तळं होतं. पत्रा पुसून कोरडा केला, जोडांवर खडूची भुकटी टाकली. मुलीला टॉर्च देऊन आत बसवलं. मी बाहेरून पाइप घेतला, जोराचा फवारा नाही, नुसतं वाहतं पाणी. सुरुवात खालून. आधी दरवाजाचा तळ, पाच मिनिटं. मग बिजागऱ्या. मग दरवाजाची काच. मग विंडशील्डखालची जाळी. शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

दरवाजावर काही नाही. जाळीवर पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत आतून ओरड आली, "आई, इथे!" डाव्या कोपऱ्यात, जिथे इंजिनाच्या बाजूचा पत्रा आतल्या भिंतीला मिळतो त्या जोडातून खडूवर ओली रेघ उतरली होती. तो ॲप्रनचा पत्रा आत दबला होता, तो ठोकून सरळ केलेला. ठोकताना कारखान्यातला सिलंट तडकला आणि वरून नुसता रंग मारला गेला. बाहेरून बघितलं तर जोड अखंड दिसत होता. नखाने दाबल्यावर रंगाखालची भेग हलली.

तुमच्याकडे दुसरी जागा निघू शकते. दुरुस्तीत दरवाजा खोललेला असेल तर आतल्या पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदा बघा. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी उतरणं हे नेहमीचंच आहे. हा पडदा ते खाली ढकलतो आणि तळाच्या भोकांतून ते बाहेर जातं. पडदा फाडून काढला आणि सेलोटेपने लावला, की पाणी थेट आत. मागून ठोकलेल्या गाडीत टेललाइटची गास्केट आणि डिकीचा रबर. डिकीतला स्टेपनीचा खड्डा उघडून बघा, तिथे पाणी साचतं आणि महिनोन्‌महिने कळत नाही. विंडशील्ड बदललेली असेल तर काचेचा चिकटा. दरवाजाच्या बीडिंगसाठी (कडेच्या रबरासाठी) कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सगळीकडे सारख्या जोराने निघायला हवी. जिथे सुळकन निघते तिथे दार बसलेलं नाही. त्याच जागेतून महामार्गावर वाऱ्याचा आवाजही येतो.

आणि एक आपल्याकडचं कारण, जे दुरुस्तीवर ढकललं जातं. आंब्याफणसाच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर विंडशील्डखालच्या जाळीत पानं आणि मोहोर साचून निचऱ्याची वाट बंद होते, आणि उंबऱ्याखालची भोकं लाल मातीने बुजतात. आधी ते साफ करा.

एअरबॅगचा दिवा

आता वहीतली नोंद उपयोगी पडली. डाव्या सीटखाली तारांचे जोड असतात, त्यातले एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे पिवळ्या रंगाचे. ते ओल्या फोमवर टेकलेले होते. उघडल्यावर पिना हिरवट. ओल वाढली की संपर्क तुटायचा आणि दिवा लागायचा, वाळलं की दिवा जायचा. त्याआधी दोन ठिकाणी स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड पुसून दिला होता. कोड पुसणं म्हणजे उपचार नव्हे. पुसण्याआधी कोड कोणता होता ते लिहून घ्या, फोटो काढा.

हा दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. म्हणून तो दुर्लक्षित करू नका, आणि कोणी दिव्याचाच बल्ब काढून देतो म्हणाला तर तिथून गाडी घेऊन निघून या. पिवळ्या तारांना स्वतः मल्टिमीटर लावू नका, त्या छोट्या करंटनेही एअरबॅग सुटू शकते. बॅटरी काढून, कंपनी सांगते तेवढा वेळ थांबून, जाणकाराने हे काम करायचं. तुमच्या अपघातात एअरबॅग किंवा सीटबेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा ताणून धरणारा भाग) सुटला असेल तर तो एकदाच वापरायचा भाग आहे, बदललाच पाहिजे. बदलल्याचं बिलात दिसतं का बघा.

हेडलाइट मंद होण्याचं कारण वेगळं निघालं आणि फार साधं. बॅटरीची उणे तार ज्या जागी पत्र्याला बोल्टने लावतात, त्या जागेवर पेंटरने रंग मारला होता आणि रंगावरच बोल्ट आवळला होता. तपासायला हेडलाइट चालू करून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे खांबाला आणि दुसरं इंजिनखोलीतल्या कोऱ्या पत्र्याला लावा. व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब आहे. माझ्या गाडीत ०.९ आलं. तेवढी जागा घासून, बोल्ट लावून, वर ग्रीस. पंधरा मिनिटं.

गंज: हा उशिरा बोलतो

नव्या गाडीच्या पत्र्याला कारखान्यात आतून-बाहेरून प्रायमर बसवलेला असतो. वेल्डिंग केलं की त्या जागी आतल्या बाजूचा प्रायमर आणि जस्ताचा थर जळतो. बाहेरून पुट्टी, प्रायमर, रंग सगळं मिळतं, आतली बाजू मात्र उघडीच राहते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी हवेतलं मीठ त्या उघड्या पत्र्यावर बसतं आणि मीठ ओल धरून ठेवतं. दोन पावसाळ्यांत रंगाला आतून फोड येतात. तोवर वर्कशॉपची हमी संपलेली असते.

म्हणून गाडी ताब्यात घेतानाच विचारा: वेल्डिंग कुठे कुठे केलं, आणि त्या पोकळीत आतून वॅक्स मारलं का? पोकळीत मारायचं पातळ वॅक्स वेगळं येतं, लांब नळीने आत फवारतात. ते पूर्ण कोरड्या पत्र्यावरच मारायचं, म्हणजे एप्रिल-मे. ओल्यावर मारलं तर ओल आतच कोंडते. क्रमही महत्त्वाचा: पत्रा साफ, प्रायमर, जोडाला सिलंट, रंग, आणि शेवटी वॅक्स. खालून काळं अंडरकोटिंग मारणारा दरवाजाची आणि उंबऱ्याची निचऱ्याची भोकं बुजवत नाही ना, हे समोर उभं राहून बघा.

रंगाबद्दल एकच सांगते. गणपतीला गाडी हवी म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बंद बूथ नसलेल्या ठिकाणी पेंटिंग करून घेऊ नका. पुट्टी ओल शोषते, कॉम्प्रेसरच्या हवेतही पाणी असतं, आणि सहा महिन्यांनी फुगे येतात. चतुर्थीला चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेजं भरलेली असतात, तेव्हा कोणाकडेच वेळ नसतो. पत्र्याचं आणि सुरक्षेचं काम आधी करून घ्या, रंग दिवाळीनंतर.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि सपाटीवर ठीक असतो, तर रेडिएटर बदलण्याआधी त्याच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत का बघा. हवा रेडिएटरमधून जावी म्हणून त्या असतात, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी त्याच गाळल्या जातात. तसंच चाकामागचं लायनर आणि इंजिनाखालचं कव्हर. ते नसलं तर पावसात चिखलपाणी थेट इंजिनाच्या बेल्टवर आणि अल्टरनेटरवर उडतं.

यात आपलाही हात असतो. साध्या विमा पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे निम्मे पैसे आपले. एस्टिमेटमध्ये तो आकडा बघून आपणच "हे राहूदे" म्हणतो. मीसुद्धा म्हटलं होतं.

एसी थांबलेल्या गाडीत थंड होत नाही पण चालत्या गाडीत होतो, तर कंडेन्सरसमोरचा पंखा. दर दोन महिन्यांनी गॅस भरावा लागतो, तर कुठल्यातरी जोडाची ओ-रिंग. कंडेन्सर बदलताना ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदलला होता का तेही विचारा. हेडलाइट बदलला असेल तर रात्री भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही झोतांची उंची बघा. धुक्यात आणि घाटाच्या वळणावर वर मारलेला झोत समोरच्याला आंधळा करतो.

कागद

तक्रार घेऊन पुन्हा गेलात की जॉब कार्डवर तुमचेच शब्द लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलं तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. "दुरुस्तीनंतर गाडी डावीकडे ओढते, डाव्या टायरची बाहेरची कड झिजली, किलोमीटर अमुक," असं लिहा. अलाइनमेंटचे आधीचे-नंतरचे कागद, टायरचे फोटो, स्कॅनरचे कोड, ओल्या कार्पेटचा व्हिडिओ, सगळं तारखेसह ठेवा. गाडी उघडल्यावर आधी न दिसलेलं नुकसान सापडलं तर दुरुस्त करण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला पुन्हा बघायला बोलवा. पूरक एस्टिमेट मंजूर होऊ शकतं. काम करून टाकून नंतर बिल नेलं तर भांडण तुमच्याकडे येतं.

वर्कशॉप ऐकत नसेल तर आधी लेखी पत्र, पोच घेऊन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घाट चढून जायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. वॉशरच्या ठशांचे फोटो आणि चार अलाइनमेंटच्या नोंदी पाठवल्यावर वर्कशॉपने मिस्त्रींचं बिल आणि एका टायरचे पैसे दिले. सिलंटचं काम त्यांनीच पुन्हा केलं, या वेळी मी शेजारी उभी राहून. नवा फोम टाकण्याआधी पत्रा तीन दिवस उघडा वाळवला.

या मे महिन्यात पुन्हा खडू टाकला, पाइप लावला, मुलगी टॉर्च घेऊन आत बसली. वीस मिनिटं पाणी सोडलं. खडू कोरडा राहिला. डाव्या उंबऱ्याच्या मागच्या टोकाला मात्र तांदळाएवढा एक फोड दिसतो आहे. त्याचा फोटो बाजूला रुपया ठेवून काढला आहे. दिवाळीत तसाच पुन्हा काढणार आणि दोन्ही ताडून बघणार. वाढला असेल तर ती जागा उघडून घ्यायची आहे.